खाडीच्या चिंबोरीची बाजू

चिंबोरी पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते, ही बातमी कृष्णकांत गुप्त्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर कळली. बुधवार होता. सुमतीबाईंनी रस्सा वाढला. गुप्त्यांनी सवयीने वाटीत बोटं घातली, तर बोटांना काही टोचेचना.

"चिंबोरी कुठाय?"

"तीच आहे ती," सुमतीबाई म्हणाल्या. "सोललेली आहे. खालच्या झकेरियाच्या दुकानातून आणली. बाहेरच्या देशातली आहे म्हणे."

गुप्त्यांनी एक पांढरा तुकडा उचलून उजेडात धरला. ना कवच, ना पाय, ना नांगी. फोडायला काही नाही, चोखायला काही नाही, शेजारच्या ताटलीत कचरा नाही. ज्या जेवणानंतर ताटलीत कचऱ्याचा ढीग उरत नाही त्याला गुप्ते चिंबोरीचं जेवण मानायला तयार नव्हते.

"ही चिंबोरी नाही. हा चिंबोरीचा पंचनामा आहे."

"असू दे. लग्न झाल्यापासून तुम्ही चिंबोऱ्या खाताय आणि मी साफ करतेय. माझी बोटं बघा. ही खोक्यातली कुणाला चावत नाही. आणि गेटावरच्या हौसाच्या चिंबोरीपेक्षा स्वस्त पडते."

स्वस्त! या शब्दाने गुप्ते ताटावरून उठले. म्हणजे उठायला निघाले. रस्सा तसा बरा होता, तेव्हा संपवून उठले. पण संताप रस्त्यात कुठे सांडू न देता ते तडक खाली गेले.

पनवेलजवळ विचुंब्याला 'पाताळगंगा दर्शन' नावाची सोसायटी आहे. तिथून पाताळगंगेचं दर्शन घ्यायचं तर आधी आपट्याची बस पकडावी लागते, पण तो वेगळा संतापाचा विषय. सोसायटीच्या पुढच्या गाळ्यांमध्ये झकेरियाने कुवेतहून परत आल्यावर 'अस्मा फ्रोझन' नावाचं दुकान काढलं होतं. अस्मा हे त्याच्या बायकोचं नाव. काचेचं दार, आत बर्फासारखा गारवा आणि पांढऱ्या पेट्यांतून जगभरातले जीव ओळीने झोपलेले.

"या या, गुप्तेसाहेब, तशरीफ ठेवा. भाभींनी सकाळीच नेलं. कसं वाटलं?"

"मला एक सांगा. ही चिंबोरी सात समुद्र ओलांडून येते. बोट, बर्फ, गोदाम, ट्रक, हा तुमचा एसी. आणि गेटावर बसणाऱ्या हौसाची चिंबोरी खाडीतून इथवर येते. मग तुमची स्वस्त कशी?"

"साहेब, तिकडे माल जास्त झालाय. गोदामं भरलीत. रिकामी तर करायला पाहिजेत. वर, नवीन दुकान म्हटलं की बडे व्यापारी सुरुवातीला कमी भावात देतात. एकदा लोकांच्या जिभेला सवय लागली की भाव आपोआप चढतो."

"म्हणजे ही फसवणूक आहे!"

"तौबा, साहेब! धंदा आहे." झकेरियाला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "आणि आपल्या खाडीतली मोठी चिंबोरी तरी कुठे इथे राहते? व्यापारी उचलतात, जिवंत विमानात घालतात, आणि ती जाते सिंगापूरला."

हे ऐकून गुप्ते दुकानाच्या दारातच थबकले. पनवेलची चिंबोरी विमानाने परदेशी जाणार आणि परदेशची चिंबोरी बर्फातून पनवेलला येणार! सगळ्या चिंबोऱ्या प्रवासाला निघाल्या आहेत आणि निवृत्त माणूस मात्र विचुंब्याच्या घरी पांढरे तुकडे चघळत बसला आहे. याला कुणी जाब विचारणारा आहे की नाही? इतकी वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे, नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून जाब आपणच विचारायचा असं त्यांनी ठरवलं.

हौसा गेटाबाहेर ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत बसायची. पुढ्यात टोपली, टोपलीत नांग्या सुतळीने बांधलेल्या चिंबोऱ्या, आणि तोंडात गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची विचारपूस. आज विचारपूस नव्हती. टोपली दुपार झाली तरी भरलेली होती.

"काय गं हौसा, आज बाजार नाही?"

"कसला बाजार, साहेब. तुमच्या सोसायटीच्या बाया येतात, बघतात, बोलतात झकेरियाकडं सोललेली भेटते. सहाशेचा वाटा मी पाचशेला लावला, तरी नाय घेत. पोरगा बोलतो, आये, होडीच्या डिझेलचं पैसं सुटत नाय. आता पुढच्या म्हैन्याच्या आवसेपरत बघते. नाय जमलं तर बसाचं बंद. सून तळोज्याला कंपनीत साफसफाईला हाय, तिच्यासंगं जाते."

गुप्त्यांनी भरलेल्या टोपलीकडे बघितलं. हौसा तळोज्याला गेली तर? पनवेलच्या बाजारात चिंबोरी मिळत नाही असं नाही. पण तिथे गुप्त्यांना कुणी 'साहेब' म्हणत नाही, आणि निवडायला हात पुढे केला की बायका बोटांवर मारतात. शिवाय हौसाची चिंबोरी ही हौसाची चिंबोरी. ती गेली की आयुष्याचे उरलेले बुधवार आपल्याला पंचनामा खावा लागणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

"तू कुठेही जायचं नाहीस," ते गरजले. "मी बघतो."

'मी बघतो' म्हणणाऱ्या माणसाने त्या क्षणापर्यंत काहीही बघितलेलं नसतं. पण जिना चढता चढता गुप्त्यांना कल्पना सुचली. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जाहीर सामना ठेवायचा. एका पातेल्यात खाडीची चिंबोरी, एका पातेल्यात परदेशी. लोकांनी दोन्ही खावं आणि हात वर करून निवाडा द्यावा. एकदा खाडीची चव जिभेला लागली की झकेरियाच्या पेट्यांना कोण विचारतो?

झकेरिया तर आनंदाने तयार झाला. "माझ्याकडून माल मोफत, साहेब." हा उमदेपणा गुप्त्यांना उद्धटपणासारखा लागला.

सेक्रेटरी होते धनेश भगत. सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्याच आजोबांची भातशेती. आता त्यांचे तीन फ्लॅट, दोन गाड्या आणि गळ्यात अशी साखळी की बोलताना तिच्याकडेच बघावं लागे.

"काका, आमी ल्हानपनी सकाल-संध्याकाल तीच चिंबोरी खाल्ली," धनेश म्हणाले. "भाजीला पैसं नसायचं म्हनून चिंबोरी. आता चार पैसं आलं, तर जरा बाहेरची खाऊ दे ना."

"धनेशराव, तुम्ही इथले भूमिपुत्र! तुम्हीच असं म्हणालात तर खाडीच्या चिंबोरीची बाजू कोण घेणार?"

"तुमी घ्या. मी नाय कुटं बोलतो? फक्त क्लबहाऊसचं डिपॉझिट भरा."

डिपॉझिट भरलं. मग कळलं की क्लबहाऊसमध्ये सामिष शिजवायला वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांची संमती लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाविकाबेन कांदासुद्धा खात नाहीत. त्यांनी वासाबद्दल ना-हरकत मागितली. ती कुणाकडून आणायची हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि कमिटीलाही. शेवटी, शिजवायचं घरी आणि वाढायचं खाली, असा तोडगा निघाला. मग जिवंत चिंबोऱ्या माणसांच्या लिफ्टमधून नेता येणार नाहीत असा मुद्दा निघाला. सामानाची लिफ्ट बंद होती. ती दुरुस्त का होत नाही असं गुप्त्यांनी विचारलं तेव्हा कमिटीने आठवण करून दिली की लिफ्ट उपसमितीचे अध्यक्ष गुप्तेच आहेत.

सल्ले तर न मागता येत होते. कुणी म्हणालं, खोबरं भाजून घाला. कुणी म्हणालं, खोबरं अजिबात नको. कुणा जावयाच्या ओळखीचा आचारी होता, तो चिंबोरीत काजू घालायचा. त्याला गुप्त्यांनी मनातल्या मनात हद्दपार केलं. आणि सुमतीबाईंनी एकच सल्ला दिला: "साफ तुम्ही करायच्या. मी हात लावणार नाही."

पण खरा घोळ तारखेचा झाला. सोमवारी शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. शुक्रवारी अर्ध्या बिल्डिंगमध्ये देवी. बुधवारी नोकरदारांना वेळ नाही. राहिला रविवार. पहिल्या रविवारी धनेशच्या घरी साखरपुडा, त्याच्या पुढच्या रविवारी पालखी, मग कुणाच्या मुलाची परीक्षा. गुप्ते कॅलेंडर हातात घेऊन घरोघर फिरले. शेवटी एक रविवार असा सापडला की त्या दिवशी कुणाचंच काही नव्हतं. गुप्त्यांनी तो लाल पेनाने घेरला. त्या चौकोनात एक टपोरा गोल छापलेला होता.

"पौर्णिमेला चालतं ना?" त्यांनी खबरदारी म्हणून प्रत्येक दारात विचारलं.

"चालतं," प्रत्येकाने सांगितलं. धनेशही म्हणाले चालतं, झकेरियाही म्हणाला चालतं, अगदी भाविकाबेनसुद्धा म्हणाल्या की तुमच्यात चालत असेल तर चालतं. गुप्त्यांनी हौसाला मोठी ऑर्डर दिली, तारीख सांगितली, तिथीही सांगितली. हौसाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आनते."

त्या रविवारी सकाळपासून गुप्त्यांच्या स्वयंपाकघरात जे झालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. एक चिंबोरी ओट्यामागे गेली ती दोन दिवसांनी वासावरून सापडली. एकीने गुप्त्यांचा अंगठा धरला आणि सोडायची वाटाघाट बराच वेळ चालली. सुमतीबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की ते बघून गुप्त्यांना अंगठ्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी क्लबहाऊस भरलं. दोन पातेली मांडली होती. गुप्त्यांनी छोटंसं भाषण केलं. खाडी, होडी, आपली माती, आपला मीठमसाला, आपला बाणेदारपणा. बँडेज बांधलेला अंगठा वर करून ते म्हणाले, "चव म्हणजे काय, ते आज तुम्हाला कळेल!" टाळ्या पडल्या. लोकांनी आधी झकेरियाचे तुकडे खाल्ले. मऊ, गोडसर, गच्च. "बरंय," लोक म्हणाले. मग सगळ्यांनी खाडीच्या चिंबोऱ्या ताटात घेतल्या.

पहिली नांगी धनेशनी फोडली. आतून पाणी आलं. त्यांनी दुसरी फोडली. त्यातूनही पाणी आलं. मग त्यांनी चिंबोरीचं कवच उघडलं आणि आतल्या पोकळीकडे, रिकाम्या घरात डोकावावं तसं, बघत राहिले. क्लबहाऊसभर कवचं फुटत होती आणि सगळीकडून पाणीच निघत होतं. धनेशनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या टॉवरच्या टाकीवर भला मोठा वाटोळा चंद्र आला होता.

"काका," ते हळूच म्हणाले, "आज पुनव हाय."

पनवेल-उरणच्या कोणत्याही घरात विचारा. चांदण्यातली चिंबोरी पोकळ असते आणि काळोखातली भरलेली. अवसेच्या आसपास घ्यावी, पुनवेला टोपलीकडे बघू नये. हे सगळ्यांना ठाऊक असतं. गुप्त्यांना तर इतकं ठाऊक होतं की त्यांनी याच सोसायटीत कित्येकांना थांबवून थांबवून हे समजावून सांगितलं होतं. पौर्णिमेला माणसांना चालतं का, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारलं. चिंबोरीला चालतं का, हे विचारायचं राहून गेलं. आणि बर्फातल्या चिंबोरीला कसली पुनव आणि कसली आवस!

निवाड्याची गरजच उरली नाही. झकेरियाचं पातेलं लोकांनी पुसून खाल्लं. "साहेब, तुमच्या रश्श्याची चव मात्र लाजवाब," तो मनापासून म्हणाला, आणि ते मनापासून होतं हेच गुप्त्यांना सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते तरातरा गेटावर गेले.

"हौसा, तुला माहीत होतं!"

"व्हय मंग. खाडीवरच्या शेंबड्या पोराला म्हाईत हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमीच पुनव पुनव करत व्हतात. मी बोल्ले, साहेबांना रस्साच पायजे आसंल. येवढी मोठी आर्डर देनाऱ्या गिऱ्हाइकाला कशाला नाय बोलाचं?" मग तिची नजर खाली गेली. "चुकलं माजं. पन घरात डिझेलचं पैसं द्याचं व्हतं."

यावर काय रागवणार? रागवायला माणूसच उरला नाही, तेव्हा गुप्ते चंद्रावर रागावले. पुढचे दिवस वाईट गेले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी रिकाम्या कवचाचं चित्र टाकलं, कुणी 'आजची तिथी' रोज गुप्त्यांना उद्देशून टाकू लागलं. झकेरियाचा माल दुपारीच संपायला लागला आणि त्याने ठरल्याप्रमाणे भाव थोडा चढवला. तरी लोक घेत होते. तिकडे हौसाने वाटा पाचशेवरून चारशेवर आणला आणि मग तीनशेवर. तीनशेलाही कुणी थांबत नव्हतं. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की गेटावरची चिंबोरी म्हणजे पाणी. हे डोक्यात कुणी बसवलं, हा प्रश्न गुप्ते स्वतःला विचारत नव्हते, कारण उत्तर देणारा तिथेच हजर होता.

आवस मंगळवारी झाली. बुधवारी सकाळी हौसा आली ती शेवटची टोपली घेऊन. तळोज्याच्या कंपनीत तिचं नक्की झालं होतं. उद्यापासून जायचं होतं. गुप्ते पिशवी घेऊन खाली गेले. त्यांनी एक चिंबोरी उचलली आणि तिच्या वजनाने हात खाली गेला. पोटाकडून दाबली, तर दगडासारखी कडक. नांग्या जडशीळ. अशी चिंबोरी त्यांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

"वाटा कितीला?"

"तीनशे."

"तीनशे?" गुप्त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. "या चिंबोरीला तीनशे? लाज नाही वाटत?"

"बरं, अडीचशे द्या," हौसा थकलेल्या आवाजात म्हणाली.

"अगं, सहाशे घे म्हणतोय मी!"

हौसाने त्यांच्याकडे असं बघितलं की ते एक पाऊल मागे सरले. "साहेब, मी काय भीक मागते? भाव तीनशेचा हाय, मी तीनशे घेनार. वर एक पैसा नाय."

"भाव तीनशेचा नाही! हा अपमान आहे! तुझा, माझा आणि या चिंबोरीचा! साडेसहाशे घे."

"तीनशे!"

"सातशे! आणि एक शब्द बोललीस तर आठशे देईन!"

जन्मभर पाच-पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस गेटावर उभा राहून भाव वर ओढतोय आणि विकणारी तो खाली ओढतेय, हे दृश्य भाविकाबेननी गॅलरीतून बघितलं. त्यांना चिंबोरीतलं काही कळत नव्हतं, पण बाजारातलं सगळं कळत होतं. त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं: 'गेटवर गुप्तेकाका चिंबोरीला सातशे देतायत, तरी बाई देत नाही.'

मग लिफ्ट खाली यायला लागली. पहिले आले धनेश. त्यांनी चिंबोरी उचलली, पालथी केली, अंगठ्याने दाबली आणि त्यांचे डोळे लहानपणात गेले. "हौसाये, दोन वाटे. सातशेनी." त्यांच्यामागून आलेल्या बाईंनी साडेसातशे सांगितले. मग कुणी आठशे. कुणाला काय चाललंय हे कळत नव्हतं, पण दुसऱ्याला मिळतंय आणि आपल्याला नाही, एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं. झकेरियाही काचेचं दार ओढून गेटावर आला. "एक वाटा इकडे द्या, मावशी. अस्मा घरात दुकानातला माल शिजवत नाही." हौसाने दोन-तीनदा तीनशे तीनशे म्हणून बघितलं. मग तिने म्हणायचं सोडलं आणि पदर खोचून वाटे लावायला घेतले.

"माझा वाटा!" गुप्ते मागून ओरडत होते. "हौसा, मी आधी आलोय! मी इथे पहिल्यापासून उभा आहे!"

पण खांद्यांच्या भिंतीतून आत शिरणं त्यांना जमलं नाही. गर्दी पांगली तेव्हा टोपलीत ओली सुतळी आणि थोडा चिखल उरला होता. हौसा नोटा कनवटीला खोचून उठत होती. आज बऱ्याच दिवसांनी तिने गुप्त्यांच्या सुनेची, नातवाची आणि सुमतीबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. मग टोपली डोक्यावर घेता घेता ती थांबली.

"तळोज्याला नाय सांगते सुनेला. उद्या येते, साहेब. पन तुमी लवकर या, आन भांडत बसू नका. तुमच्या सोसायटीतली मानसं एक नांगी ठेवत नाय."

गुप्ते रिकामी पिशवी घेऊन वर आले. सुमतीबाईंनी पिशवीकडे बघितलं आणि दुधीची भाजी गरम करायला ठेवली. गुप्ते पाटावर धाडकन बसले.

"लूट आहे, लूट! आठशे रुपये वाटा! आपल्यासारख्या माणसाने खायचं काय?"

"अगंबाई, आठशे? कालपर्यंत तीनशे होता ना? एकाएकी कुणी वाढवला एवढा भाव?"

गुप्त्यांनी ताटातल्या दुधीकडे बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि छाती काढून म्हणाले,

"मी."